शिडाच्या बोटीवरून मुलांना घेऊन किनाऱ्यावर उतरण्याचा दिवस : अमळनेरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा : दिरांची 38 फुटी शिडाची बोट मुंबईत आहे. तुम्ही दोघांनी रजा साठवून ठेवली आहे. डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर मुंबई ते गोवा आणि परत, असं दोन मुलांसह जायचं ठरतंय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठेतरी नांगर टाकून दिवसभर जमिनीवर उतरायचं. तो दिवस कसा लावायचा, किती किल्ले दाखवून होतील आणि धुणं, पाणी, बाजार त्यात कधी बसवायचा, हे तुम्ही विचारलंत.

मी मूळचा रावेरकडचा, तापीकाठचा. चोवीस वर्षं शिडाच्या बोटींवर होतो. सुरुवातीला मुंबईत डेक धुण्यापासून, पुढे लोकांच्या बोटी या बंदरातून त्या बंदरात पोचवणारा कप्तान म्हणून. त्यातले तीन हिवाळे बायको आणि दोन मुलं बोटीवर माझ्यासोबत होती. आता भुसावळला असतो, केळीची शेती बघतो. तुमच्या मुलांच्याच वयाची मुलं त्याच किनाऱ्याने मी नेली आहेत, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

उत्तर आधी सांगतो. त्या दिवशी एकच ठिकाण बघायचं, एकच काम उरकायचं, आणि मुलांना निदान दोन तास काहीही न ठरवता मोकळं सोडायचं. उतरायचं कधी आणि परतायचं कधी, हे घड्याळाने किंवा भुकेने ठरवायचं नाही, भरती-ओहोटीने ठरवायचं. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

मुलांचं आधी बोलू. 38 फूट म्हणजे साडेअकरा मीटर. त्यात पाच माणसं तीन दिवस राहिली की नऊ वर्षांच्या पोराच्या पायांना काय होतं, ते तुम्ही पहिल्या उतरण्यातच बघाल. तो वाळूवर पाय ठेवेल आणि पळत सुटेल, कुठे जायचंय म्हणून नव्हे, पळता येतंय म्हणून. धाकटी मात्र चार पावलं टाकेल आणि बसकण मारेल. माझी मुलगी पहिल्यांदा उतरली तेव्हा माझ्या विजारीला धरून म्हणाली, "बाबा, जमीन हलतेय." तिचं खरं होतं. तीन दिवस कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग लाटांना सरावलेला असतो, तो जमीन स्थिर आहे हे लगेच मानत नाही. तास-दोन तासांत बहुतेकांचं थांबतं. म्हणून उतरल्या उतरल्या किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लावू नका. पहिला तास वाळूत, सावलीत, पाणी आणि काहीतरी खारट-गोड खायला देऊन जाऊ द्या. मोठ्यांनाही तेच लागू आहे, फक्त मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत.

आता पाण्याचं. आपण खानदेशातली माणसं इथेच चुकतो. आपल्याकडे बोरीला, पांझरेला, गिरणेला पूर आला तर पावसाळ्यात येतो, आणि येणार म्हणून आधी कळतं. उन्हाळ्यात बोरीच्या कोरड्या वाळूत सखाराम महाराजांची यात्रा भरते आणि ती वाळू दिवसभर आहे तिथेच असते. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. सकाळी जिथे तुम्ही होडी लावलीत तिथे संध्याकाळी पाणीच नसतं.

हे मी शिकलो ते असं. कोकणातल्या एका खाडीत आम्ही नांगरलो होतो. जानेवारी महिना, तिथी चतुर्दशी. सकाळी साडेदहाला भरती काठोकाठ होती. छोटी रबरी डिंगी थेट नारळीच्या बागेच्या बांधाला लावली, दोर झाडाला बांधला आणि खूश होऊन वर गेलो. इतकं सोपं उतरणं कधी मिळालं नव्हतं. देऊळ बघितलं, एका घरी जेवलो, मुलं माजघरात झोपली. त्यांना उठवायचं जिवावर आलं. परत आलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. डिंगी बांधाखाली चिखलात बसलेली, आणि पाणी तिच्यापासून शंभर पावलांवर. तो चिखल वरून टणक दिसतो, चकाकतो. मी पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल आतच राहिली. मुलगी कडेवर, मुलगा बांधावर रडतोय, ऊन कलायला लागलेलं आणि बोट समोर दिसतेय. दोन कोळी भाऊ फळ्या घेऊन आले. फळी टाकायची, त्यावरून डिंगी सरकवायची, मागची फळी काढून पुढे टाकायची, असं करत त्यांनी आम्हाला पाण्यापर्यंत नेलं. पैसे घेतले नाहीत. त्यातला थोरला एवढंच म्हणाला की चतुर्दशीला भरतीच्या टोकाला होडी लावून कोणी जेवायला जातं का.

त्याच्या बोलण्यात सगळं शास्त्र होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. सप्तमी-अष्टमीपासून पुढचे दोन-तीन दिवस भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी. मुंबईत उधाणाला हा फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. दक्षिणेकडे कमी होत जातो, गोव्यात दोन मीटरच्या आसपास. वेळेचा हिशोब किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून करतात : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, चतुर्दशीला साडेदहा. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तासाने पुढे. हा अंदाज मुंबईच्या आसपासचा. खाली गेल्यावर तासाभराचा फरक पडतो, म्हणून बोटीवर त्या त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवाच. पण घरी भिंतीवरच्या कालनिर्णयावर महिनाभराची आखणी करायला हे पाऊणपटीचं गणित पुरतं.

आता हेच तुमच्या प्रश्नाला लावून बघा. अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला. ओहोटी दुपारी बाराला, म्हणजे तुम्ही जमिनीवर असताना. सकाळी आठला उतरलात तर पाणी आहे, संध्याकाळी पाचला परतलात तरी पाणी आहे, आणि भांग असल्यामुळे मधली घटही थोडी. मोठा दिवस मिळतो. अमावस्या-पौर्णिमेला उलट : भरती भर दुपारी, सकाळ-संध्याकाळ पाणी खोल गेलेलं. तेव्हा दहाला उतरा आणि दोनच्या आत परत या, किंवा जिथे ओहोटीलाही पाणी राहतं असा पक्का धक्का आहे तिथेच उतरा. म्हणून लांबचं फिरणं, एसटीचा प्रवास, मोठा किल्ला हे सगळं सप्तमी ते दशमीच्या दिवसांत ठेवा. महिन्यात असे दिवस दोनदा येतात. उरलेल्या वेळी उतरायचं ते वाळूत खेळायला आणि पाणी भरायला.

वाऱ्याचंही याच दमात सांगतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, तो दहा-अकराला पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो आणि तीन-चारला चांगलाच जोर धरतो. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी तेव्हा डिंगीत उडायला लागतं, मुलं भिजतात, भिजली की कुडकुडतात आणि घाबरतात. नांगरायला अशी जागा निवडा की वायव्येला डोंगर किंवा भूशिर आड आहे. जयगडच्या आत, विजयदुर्गच्या खाडीत अशी आडोशाची जागा आहे. उघड्या किनाऱ्यावर नांगरलात तर दुपारच्या आत परता. वारा मावळतीला उतरेल या भरवशावर थांबू नका. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात मिट्ट काळोख होतो. मुलं बरोबर असताना काळोखात डिंगी नको, ही गोष्ट मी मोडू देत नाही.

या सगळ्या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे बोट ते जमीन हे तीनशे मीटर. समुद्रातल्या तीन दिवसांपेक्षा जास्त धोक्याचा. कारण बोटीवर सगळे सावध असतात, आणि उतरताना सगळ्यांचं लक्ष पुढे काय खायचं याकडे असतं. आमच्या घरात त्याचा क्रम ठरलेला होता आणि तो कधी बदलला नाही. लाइफ जॅकेट केबिनमध्येच चढवायचं आणि कोरड्या जमिनीवर पोचल्यावरच काढायचं. आधी एक मोठं माणूस डिंगीत उतरणार आणि बसणार. मग लहान मूल, मग मोठं मूल, दोघंही फळीवर नाही, तळाशी. मग दुसरं मोठं माणूस. पिशव्या आणि पाण्याचे कॅन सगळ्यात शेवटी, आणि जास्त वाटले तर दुसऱ्या खेपेला. तुम्ही तिघं मोठे, दोन मुलं आणि वीस-वीस लिटरचे दोन कॅन एका डिंगीत बसवायचा मोह होईल. बसवू नका. इंजिनला एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवलेलीच हवी, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन बंद होतं आणि पंखा कोणाला लागत नाही. वल्ही कायम डिंगीत, इंजिन कितीही नवं असलं तरी.

धक्क्याला लागलात की पायऱ्या बघा. खालच्या चार-पाच पायऱ्या भरतीत बुडतात. त्यांच्यावर हिरवं शेवाळ असतं आणि कडेला कालवं, म्हणजे धारदार कडांचे शिंपले, चिकटलेली असतात. शेवाळावरून पाय सरकतो, तोल सावरायला हात टेकतो, आणि तो हात नेमका कालवांवर पडतो. ब्लेडने कापल्यासारखं कापतं आणि जखम लवकर भरत नाही. चपला चालणार नाहीत, मुलांना पूर्ण बंद रबरी बूट घ्या. वाळूच्या किनाऱ्यावर लाटा फुटत असतील तर बाहेर थांबून त्यांचा ताल बघा. दोन-चार मोठ्या लाटांनंतर जरा उसंत मिळते, तेव्हा आत या. डिंगी टेकली की मोठ्यांनी बाजूने उतरायचं. डिंगी आणि किनारा यांच्या मधे कोणी उभं राहायचं नाही, कारण पुढची लाट ती डिंगी उचलून तुमच्या अंगावर टाकते. उथळ, गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट मासा दडलेला असतो, घासत गेलं की तो आधीच निघून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा.

धाकटीच्या जॅकेटची परीक्षा घरीच घ्या. जॅकेट घालून तिला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून उचला. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते बाद. पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागची उशी असलेलंच घ्या. दुकानदार वयावर देईल, तुम्ही वजनावर मागा.

बोट मागे सोडून जाताना नांगराचा हिशोब मुलासमोर करा, नऊ वर्षांच्या पोराला तो नीट समजतो. ओहोटीला चार मीटर पाणी राहणार असेल, त्यात भरतीचे दोन, आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून एक मीटर वर. झाले सात. त्याची पाचपट म्हणजे 35 मीटर साखळी सोडायची. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पकडायच्या, देवळाचा कळस आणि त्यामागचा एखादा वाकडा माड. त्या रेषेत बोट आहे का, हे जमिनीवरून दर तासाला बघायचं काम मुलाकडे द्या. माझ्या मुलाने हे काम तीन हिवाळे केलं, आणि एकदा त्याच्यामुळेच सरकलेली बोट वेळेत कळली. दिरांनाही एखाद्या वेळी बोटीवर एकट्याला राहू द्या. महिनाभर पाच जणांत राहणाऱ्या कप्तानाला चार तास शांतता मिळाली की पुढचे तीन दिवस सगळ्यांचे बरे जातात.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की यजमान म्हणतात, किनाऱ्यावर गेलो की मी आणि मुलं फिरून येऊ, तू तेवढ्यात कपडे धुऊन घे. ताई, हे पहिल्याच दिवशी मोडून काढा. आमच्याकडेही पहिला हिवाळा असाच गेला. तीन दिवस हलत्या गॅसपाशी उभं राहून स्वयंपाक केलेली माझी बायको जमिनीवर उतरून कोणाच्या तरी विहिरीवर धुणं आपटायची, आणि मी पोरांना किल्ला दाखवायचो. गोव्याला पोचेपर्यंत तिने एकही गाव धडपणे बघितलं नव्हतं. मला ते दिसलंच नाही, आणि त्याची खंत अजून आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही पाळी लावली. एका थांब्याला धुणं-पाणी माझ्याकडे, पुढच्या थांब्याला तिच्याकडे, आणि ज्याच्याकडे काम नाही त्याने मुलं सांभाळायची. शिवाय प्रत्येक मोठ्या माणसाला दिवसात एक तास पूर्ण एकट्याचा. ती त्या तासात एखाद्या देवळाच्या ओट्यावर बसायची, बस. तेवढ्यावर तिचा चेहरा बदलायचा.

धुणं मुळात कमी करा. समुद्रावर सुती कपड्यात मीठ बसतं, मीठ हवेतला ओलावा ओढतं, ते कधी पूर्ण वाळत नाहीत आणि मुलांच्या काखेत, मांड्यांत पुरळ येतं. त्यामुळे रोज घालायचे कपडे थोडेच ठेवा, आणि जमिनीवर गोडं पाणी मिळालं की पहिली अंघोळ मुलांची, मगच कपडे. पाण्यासाठी लोकांना सरळ विचारा. किनाऱ्यावरच्या वाडीत लहान मुलं घेऊन गेलात की माणसं विहीर दाखवतात, वर चहा देतात. तिथे द्यायला घरून काहीतरी घेऊन जा. आम्ही बिबडे न्यायचो, आपले खानदेशी पापड. ज्वारीचे बिबडे तिकडे फारसे माहीत नाहीत, आणि तळून दिले की घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळे विचारतात, हे कसं करता. ते पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर दोन दिवसांत सादळतात. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि शेंगदाण्याचा सुका ठेचा बोटीवर उत्तम टिकतो. तिसऱ्या आठवड्यात मुलं मासे-भाताला कंटाळली की कळण्याच्या भाकरीवर तेल-ठेचा लावून द्या, बघा कशी जेवतात ती.

बाजारातून आणलेला एकही खोका बोटीवर चढवू नका. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं धक्क्यावरच पिशव्यांत मोकळं करा. भाजी न धुता ठेवा, धुतली की सडते. केळीचं मी जरा अधिकाराने सांगतो : एका घडाची सगळी केळी साधारण एकदमच पिकतात, आणि चौथ्या दिवशी तुमच्याकडे साठ पिकलेली केळी असतात. वेगवेगळ्या घडांच्या तीन फण्या घ्या, एक पिकलेली, एक पिवळी पडू लागलेली, एक हिरवी. टांगून ठेवा, बाकी फळांपासून लांब.

मुलं भांडतात, याची तुम्हाला काळजी आहे. बोटीवर दोघं तीन दिवस एकमेकांपासून दहा मीटरच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, भांडणारच. जमिनीवर उतरल्यावर त्यांना वेगळं करा. एक तास मुलगा वडिलांबरोबर, मुलगी तुमच्याबरोबर, वेगवेगळ्या दिशांना. परत भेटले की एकमेकांना काय काय बघितलं ते सांगायला लागतात. आमच्याकडे हे दर वेळी असंच झालं.

कुठे उतरायचं? मुंबई ते गोवा सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या, वेगाने मुरूडपर्यंतचा पहिला टप्पाच आठ तास खातो, त्यामुळे सगळीकडे थांबायचा विचार सोडा. मला विचाराल तर एक पूर्ण दिवस विजयदुर्गला द्या. किल्ला मुलांना आवडेलच, पण त्याहून गिर्ये गावाकडची खडकात खोदलेली आरमारी गोदी दाखवा. खाडीकाठी खडक कापून केलेला तो मोठा खड्डा आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की कोरड्यात दुरुस्ती करायची. तोवर तुमच्या मुलांनी दोन आठवडे भरती-ओहोटी अंगावर घेतलेली असेल. आंग्र्यांच्या वेळच्या माणसांनी त्याच पाण्याकडून काम कसं करून घेतलं, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरा दिवस सिंधुदुर्गाला. मालवणच्या किनाऱ्याभोवती पाण्याखाली खडक फार आहेत, माहितीचा माणूस बरोबर नसेल तर आपली बोट आत नेऊ नका. देवगडला ठेवा आणि एसटीने जा. मुलांना एसटीच्या खिडकीत बसण्याचंच इतकं अप्रूप वाटतं की विचारू नका. मालवणहून प्रवासी होडीने किल्ल्यात. 1664 साली महाराजांनी काम सुरू केलेला हा किल्ला, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. महिनाभर कॅनमधलं पाणी मोजून पिणाऱ्या मुलांना त्या विहिरीचं महत्त्व तुमच्या-आमच्यापेक्षा लवकर कळतं. तिसरं ठिकाण हर्णै, तिथे दुपार कलल्यावर किनाऱ्यावर माशांचा लिलाव होतो तो बघायला. उघडी जागा आहे, वारा कमी असेल त्या दिवशीच.

आणि ठिकाण हुकलं तर हळहळू नका. माझी मुलगी एका गावात किल्ल्यावर यायलाच तयार नव्हती. एक आजोबा जाळं विणत बसले होते, त्यांच्याजवळ ती दोन तास बसली. ते लाकडी सुई जाळ्यातून काढायचे, गाठ ओढायचे, आणि दर गाठीला बोटाने भोकाचं माप घ्यायचे. शेवटी त्यांनी तिच्याकडून दहा गाठी मारून घेतल्या. आज ती सव्वीस वर्षांची आहे. जंजिरा तिला धूसर आठवतो, ती गाठ तिला अजून मारता येते.

शाळा बुडते म्हणून वह्या-पुस्तकं जमिनीवर नेऊ नका. एक काठी पुरे. पाण्याच्या कडेला रोवायची, अर्ध्या तासाने पाणी कुठे आहे तिथे दुसरी खूण. सुरुवातीला पाणी हळू सरकतं, मधल्या दोन तासांत झपाट्याने, शेवटी पुन्हा हळू. मुलाने हे दोन ठिकाणी मोजलं की तो तुम्हालाच सांगेल, निघायला हवं म्हणून.

कागदपत्रांचं थोडक्यात. सगळ्यांची आधार कार्डं आणि बोटीचे कागद प्लास्टिकच्या पाकिटात अंगावर ठेवा. 26/11 नंतर समुद्रातून आलेल्या अनोळखी बोटीची किनाऱ्यावर चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. आधीच बंदर कार्यालयात जाऊन नाव सांगितलं की पुढचा दिवस निवांत जातो. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन क्रमांक मुलाला पाठ करायला लावा.

परत बोटीवर आलात की त्याच संध्याकाळी शीड उभारू नका. दिवसभर जमिनीवर राहिल्याने पोटाची सवय मोडलेली असते, पहिल्या रात्री पुन्हा मळमळतं. सगळे दमलेले असतात, आणि रात्री किनाऱ्यालगत मासेमारीची जाळी पसरलेली असतात, ती दिसत नाहीत. मुगाची खिचडी करा, मुलांना झोपवा, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघा.

निघण्यापूर्वी एक रविवार मला द्या. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूर धरणाच्या फुगवट्याचं भरपूर पाणी असतं आणि हिवाळ्यात बदकंही उतरलेली असतात. होडी घेऊ. मुलांना जॅकेट घालून दहा वेळा चढवू, दहा वेळा उतरवू, आणि शेवटच्या दोन खेपा मुद्दाम संध्याकाळी करू, धाकटी दमून चिडचिडी झालेली असताना. खरी वेळ तीच असते. माझ्या मुलीचं जॅकेट अजून नीट आहे, 15 ते 20 किलोपर्यंतच्या मुलाचं. त्याचे पट्टे आणि तरंगण्याची ताकद मी आधी पाण्यात तपासून ठेवतो. तुम्ही फक्त धाकटीचं वजन करून कळवा.